गळतं कुठे, ठिबकतं कुठे

अमेरिकेहून परत आल्यावर भेटेल ती मैत्रीण विचारायची, ‘काय काय पाहिलंस गं तिकडे?’ मी आपली ठरलेली यादी सांगायची. नायगारा, शिकागो, मोठमोठी दुकानं. पण खरं सांगू का? २०२३ च्या त्या उन्हाळ्यात मी सगळ्यात जास्त वेळ काय पाहिलं असेल, तर ताईच्या गाडीचं पोट. तेही खालून. दारातल्या सिमेंटवर सतरंजी टाकून, उताणी पडून, डोक्याला ओढणी गुंडाळून आणि हातात बॅटरी धरून!

गाडी म्हणजे आपली नेहमीची मोटार नव्हे. तिकडे त्याला आर.व्ही. म्हणतात. चाकांवरचं घरच ते. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही मोठ्या गाडीला मागे जोडून ओढत न्यायच्या असतात. ताईची ही दुसऱ्या जातीची, सव्वीस फुटी. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं. भाऊजींनी २०१५ साली शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टहून ती सेकंडहँड आणली. अमेरिकेतल्या बहुतेक आर.व्ही. त्याच भागात तयार होतात. आपल्या इचलकरंजीत जसे घरोघरी माग, तसे तिथे या गाड्यांचे कारखाने.

भाऊजी सांगलीत इंजिनिअरिंग शिकले आणि पुढचं सगळं आयुष्य डेट्रॉइटच्या मोटारींच्या धंद्यात काढलं. त्यामुळे या चाकांवरच्या घराचं सगळं तेच बघत. ताईचं राज्य आत. पोळ्या, अंथरुणं, डबे. ‘आतलं माझं, खालचं ह्यांचं,’ अशी सरळ वाटणी होती. कुठलं हँडल ओढलं की काय होतं, हे तिला आठ वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं आणि भाऊजींना सांगावंसंही वाटलं नव्हतं. आपल्याही घरात मीटरची पेटी कुठे आहे हे किती जणींना माहीत असतं!

सप्टेंबर २०२२ मध्ये भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. म्हणजे आवाज आहे, समजतंही सगळं, पण हवा तो शब्द हाती लागत नाही. चहा हवा असला की तोंडातून ‘चप्पल’ येतं आणि आपण चुकीचं बोललो हेही त्यांना कळतं. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना नीट समजावून सांगितलं, त्याची ती तडफड बघवत नाही.

मी पोहोचले तेव्हा ताईने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. एक शेवटची ट्रिप करायची आणि गाडी विकायची. ‘ओढणार कोण, बघणार कोण? मला नाही झेपायचं,’ ती मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. भाऊजींना तिने सांगितलं नव्हतं. पण दारातल्या गाडीकडे बघत ते ज्या तऱ्हेने बसायचे, त्यावरून त्यांना कळलं असणार असं मला वाटे.

भाचा शिकागोहून आला. त्याने गाडी जोडली आणि आम्ही चौघं चार तास प्रवास करून मिशिगन सरोवराच्या काठी लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. वाळूच्या टेकड्या, झाडी, संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत उजेड. भाऊजी व्हीलचेअरवर बसून पाण्याकडे बघत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला, असं ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गाडीतल्या आजीबाई आल्या आणि अगदी कानात सांगावं तसं म्हणाल्या, ‘तुमच्या गाडीखालून पाणी गळतंय हं.’

बघतो तर मागच्या चाकापाशी वाळू भिजून काळी झालेली. मुंग्यांची रांग लागलेली. आणि वास! शिळ्या खरकट्याचा, साबणाचा, तेलाचा, सगळा एकत्र. ताईचा चेहरा शरमेने लाल झाला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. या गाड्यांच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी काळी, म्हणजे संडासची. आणि तिसरी राखाडी, म्हणजे ओट्यावरचं बेसिन आणि न्हाणी यांचं पाणी साठवणारी. ताईच्या गाडीतली राखाडी टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटरची. ती भरली की गाडी ठरलेल्या जागी न्यायची, जाड पाईप लावायचा, आधी काळीचं हँडल ओढायचं आणि मग राखाडीचं. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप आपोआप धुतला जातो. टाकी किती भरली हे सांगायला आत भिंतीवर बारीक दिवे असतात. ताई म्हणाली, ‘अगं, मी तर खूष होते. दोन दिवस सगळ्यांच्या आंघोळी, भांडी चाललीत आणि दिवा अजून पहिल्याच खुणेवर! म्हटलं, आपण पाणी किती बेताने वापरतोय.’

पाणी बेताने नव्हतं, ते खालून चाललं होतं!

मला आधी एवढी घाबरगुंडी उडण्याचं कारण कळेना. आपल्याकडे भांड्यांचं पाणी केळीला जातं, अळवाला जातं. नुसतं बेसिनचं पाणी सांडलं तर काय झालं? पण तिथे एका जागेवर आज आपण, उद्या दुसरे, परवा तिसरे. सगळ्यांनी आपापलं खरकटं पाणी त्याच वाळूत सोडलं तर आठवड्याभरात तिथे उकिरडा होईल, रानातले प्राणी वासाने येतील आणि झिरपत झिरपत सगळं सरोवरात जाईल. म्हणून अगदी भांडी धुतलेलं पाणीही जमिनीवर सोडायला मनाई. पटलं मला. आमच्या वस्तीत उघड्या गटारीवरून मी किती भांडणं सोडवली आहेत, आणि इथे माझ्याच पायाखाली गटार!

भाचा बॅटरी घेऊन खाली सरपटला. चाकाजवळ एका स्क्रूच्या भोकातून टिप टिप गळत होतं. त्याने ते पुसलं, घट्ट चिकटणारी रबरी टेप लावली. थांबलं! आम्ही चहा केला, आजीबाईंनाही दिला. ताईच्या जिवात जीव आला.

सकाळी उठून पाहिलं तर गाडीच्या पोटाला हे एवढं टेंगूळ आलेलं. झालं होतं असं की टाक्यांच्या खालून प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा ठोकलेला असतो, थंडी-धूळ लागू नये म्हणून. टाकीतून गळलेलं पाणी त्या पत्र्यावर साठत होतं, लोखंडी पट्टीच्या कडेने वाहत जाऊन चाकाजवळच्या भोकातून बाहेर पडत होतं. आम्ही ते भोकच बुजवलं. गळती होती तशीच, फक्त तिची वाट बंद केली.

या सगळ्या गडबडीत भाऊजी एकसारखे काहीतरी सांगत होते. ‘गुलाबी,’ ते म्हणाले. ‘गुलाबी, गुलाबी.’ ताईने गुलाबी टॉवेल आणला. नाही. गोळ्यांच्या डबीतली गुलाबी गोळी दाखवली. नाही, नाही. माझी ओढणी गुलाबी होती, मी ती पुढे केली. त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर जोरात थाप मारली आणि तोंड फिरवलं. ताई हळूच म्हणाली, ‘दुसराच कुठला तरी शब्द असेल गं. असंच होतं ह्यांचं.’

नळ बंद केला, बेसिनवर कागद चिकटवला, आंघोळी सार्वजनिक न्हाणीघरात. रविवारी टाक्या रिकाम्या करून घरी आलो.

भाच्याने एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याची तारीख दीड महिन्यानंतरची. न बघताच म्हणाला, बहुधा टाकी बदलावी लागेल, दोन हजार डॉलर धरून चाला. ‘आई, आहे तशी विकून टाक,’ असं सांगून भाचा शिकागोला परत गेला. त्याचं बरोबरच होतं म्हणा, त्याला नोकरी आहे. त्यात ताईच्या कॉलनीचा नियम, अशी गाडी दारात तीन दिवसांपेक्षा जास्त उभी करायची नाही. त्यानंतर ती भाड्याच्या जागेत ठेवायची, आणि तिथे दुरुस्ती करू देत नाहीत.

रात्री जेवताना कुणी बोलत नव्हतं. मी सहज बोलून गेले, ‘आपण खोलून तरी बघूया का?’

ताई माझ्याकडे बघतच राहिली. ‘आपण? तुला काय कळतं त्यातलं?’

तसं काही कळत नव्हतं. मी बी.ए. झालेली, विषय मराठी! पण सांगलीत बचत गटाच्या बायकांबरोबर काम करताना एकदा प्रसंग आला होता. वस्तीतल्या बोअरच्या पाण्याला वास येत होता आणि आठ संडासांपैकी कुणाचं पाणी त्यात मुरतंय हे कळेना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. तेव्हा आमच्या प्लंबरमामांनी रोज एकेका संडासात रंग ओतून पाहिला होता. भांडण चौथ्या दिवशी मिटलं. मला तेवढंच ठाऊक होतं. पाणी खोटं बोलतं, रंग बोलत नाही, असं मामा म्हणायचे.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी कामाला लागलो. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, गाडीचे चारही पाय टेकवले, गॅसच्या टाक्या बंद केल्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, पण ही गाडी मुळातच उंच असल्याने सरपटायला जागा होती. डोळ्यांना चष्मे, हातात रबरी मोजे. टेंगळाखाली मोठा टब ठेवून ताईने पत्र्याला सुरीने छेद दिला आणि...

काय सांगू! अर्धं टबात, अर्धं आमच्या अंगावर. दोन दिवसांचं आमटी-भाताचं पाणी ते. ताई किंचाळली, मग मी हसायला लागले, मग तीही. भाऊजींना वाटलं आम्हाला लागलं. ते दारातून ओरडायला लागले, तेव्हा आम्ही दोघी तशाच घाणेरड्या अवतारात बाहेर येऊन त्यांना दाखवलं. तेही हसले. एका बाजूनेच, पण हसले.

पत्रा तीन बाजूंनी कापून खाली लोंबता ठेवला. वर टाकी दिसली, काळी, चपटी, पलंगाएवढी. सगळीच ओली. आता यात गळतंय कुठून? ताईने जुने टॉवेल देऊन टाकी, पाईप, लोखंडी पट्ट्या, सगळं कोरडं करवून घेतलं. हे फार महत्त्वाचं. ओल्यात ओलं शोधता येत नाही. मग तिच्या डब्यातून जिलबीचा केशरी रंग आणि बर्फीचा हिरवा रंग काढला. केशरी ओट्यावरच्या बेसिनात, हिरवा न्हाणीत. दोन रंग अशासाठी की ओट्याचा पाईप गळत असेल तर केशरी थेंब येईल, न्हाणीचा असेल तर हिरवा. दोन-दोन बादल्या पाणी सोडलं आणि टिपकागद घेऊन खाली शिरलो.

पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मग पहिला डाग आला, ना केशरी ना हिरवा. मळकट तपकिरी. म्हणजे दोन्ही पाणी एकत्र आल्यानंतरची ही गळती. वरचे पाईप सुटले, दोष टाकीत किंवा तिच्या तोंडाशी. डागाचा माग काढत गेलो तर टाकीला जिथून बाहेर जाणारा तीन इंची पाईप जोडलाय, तिथे सांध्याच्या कडेला केसासारखी एक चीर. लांबी बोटाएवढी. चाकाजवळचं ते ठिबकणारं भोक तिथून चांगलं सहा फूट लांब!

चीर सापडली, पण टाकी कसल्या प्लॅस्टिकची हे माहीत असल्याशिवाय तिला काय लावायचं ते कळत नाही. ताईला आठवलं, भाऊजी एका वहीत गाडीचं सगळं लिहून ठेवत. रात्री तिने ती काढली. निळ्या पुठ्ठ्याची शाळेच्या वहीसारखी वही, आणि आत चक्क मराठी. ‘डेट्रॉइटला तीस वर्षं इंग्रजीत लिहिलं, पण स्वतःसाठी मराठीतच,’ ताई म्हणाली. टायरची हवा, बॅटरी, छपराची डागडुजी. आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक नोंद, थोड्याफार फरकाने तीच: ‘गुलाबी ३ गॅलन. बेसिन, न्हाणी, संडास. दोन्ही झडपांपर्यंत पोचलं.’

२०१५ पासून २०२१ पर्यंत सात नोंदी. त्यापुढे पानं कोरी.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात पारा कित्येक दिवस शून्याखाली असतो. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि बंद जागेत अडकलेलं असलं तर पाईप फोडतं. म्हणून थंडीआधी गाडीतलं पाणी काढून सगळ्या नळ्यांतून एक गुलाबी द्रव फिरवतात, जो त्या थंडीतही फुटण्याइतका कडक होत नाही. बेसिनखालच्या वाकड्या पाईपातही ओततात आणि खालच्या टाक्यांतही, झडपा वाचाव्यात म्हणून. २०२२ च्या ऑक्टोबरात भाऊजी दवाखान्यात होते. ओळखीच्या एकांनी आपणहून येऊन सगळे नळ उघडले, स्वच्छ पाण्याची टाकी, गरम पाण्याची टाकी रिकामी केली. ताईला वाटलं झालं काम. पण नळातून सोडलेलं ते पाणी बेसिनमधून गेलं कुठे? खालच्या राखाडी टाकीत! ती तशीच राहिली. जानेवारीत तिच्या तोंडाशी बर्फ झाला असणार आणि त्याने सांधा उलवला. स्वच्छ पाण्याची आठवण सगळ्यांना होती. सांडपाण्याची फक्त एका माणसाला होती, आणि त्याला ती सांगता येत नव्हती.

ताई वही घेऊन त्यांच्या खोलीत गेली. ‘गुलाबी,’ ती म्हणाली. ‘कळलं हो मला. राहून गेलं ते.’ भाऊजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग डाव्या हाताची मूठ करून ती पुढे ओढल्यासारखी केली, दोन-तीनदा. हँडल! झडप!

आम्ही तर फक्त चीर बुजवून मोकळ्या होणार होतो. सकाळी झडप नीट पुसून पाहिली तर तिच्या प्लॅस्टिकच्या घरालाही तडा गेलेला. त्यांनी सांगितलं नसतं तर आमची सगळी मेहनत पुन्हा वाळूत गेली असती.

आता प्लॅस्टिक. टाक्या मुख्यतः दोन प्रकारच्या. काही ए.बी.एस. नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या, काही पॉलिथिलीनच्या. पॉलिथिलीनला जवळजवळ कुठलाच गोंद धरत नाही. आपल्या गच्चीवरच्या टाक्या त्याच जातीच्या, म्हणून त्यांना लावलेली पुटी चार महिन्यांत खपलीसारखी सुटून येते. त्यांना उष्णतेने प्लॅस्टिक वितळवून जोडणारा माणूसच लागतो. ए.बी.एस. मात्र अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. आणि अ‍ॅसिटोन तर ताईच्या ड्रेसिंग टेबलवर होतं, नेलपॉलिश काढायचं! कापसाला लावून टाकीच्या कोपऱ्यावर घासलं. कापूस काळा झाला, जागा चिकट झाली. ए.बी.एस.! एवढा आनंद मला बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या ए.बी.एस. पाईपाचा तुकडा, त्याच प्लॅस्टिकचा गोंद, शुद्ध अ‍ॅसिटोनचा डबा, सँडपेपर आणि नवी झडप आणली. पाईप किसून त्याचा चुरा काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घातला. तासातासाने ढवळत होतो. संध्याकाळपर्यंत काकवीसारखं दाट झालं. हे सगळं घराबाहेर, मोकळ्या हवेत. अ‍ॅसिटोन भसकन पेटतं, त्याच्या आसपास काडी, शेगडी, उदबत्ती काहीही नको. वासानेही डोकं गरगरतं.

चीर घासून घेतली, पुसली, कोरडी केली. मी ब्रश बुडवणार एवढ्यात भाऊजींनी हाक मारली. कागद मागितला. डाव्या हाताने एक वाकडी रेघ काढली आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक गोल. ताई म्हणाली, ‘चष्मा?’ आणि चष्मा आणायला गेली. त्यांनी मानेने नाही म्हटलं. मी म्हटलं, ‘डंबेल?’ काय सुचेल ते! शेवटी त्यांनी ओट्यावरच्या ड्रिलकडे बोट दाखवलं आणि पुन्हा गोलावर. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं! त्याने चीर तिथेच थांबते, गाडी हादरली तरी पुढे धावत नाही. काचेला गेलेल्या तड्यासारखंच ते. ताईने ड्रिल मशीन आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं. उताणं पडून, डोळ्यांत काळा भुसा पडू नये म्हणून चष्मा घालून, दोन भोकं. मी बॅटरी धरली होती आणि माझाच हात जास्त थरथरत होता.

मग ते काळं पीठ चिरेत आणि भोकांत दाबून भरलं. थोडं सुकल्यावर पाईपाचा एक बाकदार तुकडा कापून, गोंद लावून वरून ठिगळ बसवलं आणि कडा पुन्हा त्याच लेपाने सारवल्या. चुलीला पोतेरं द्यायचे ना पूर्वी, अगदी तशा. झडप चार नट-बोल्टांवर असते. जुनी काढली, दोन्ही बाजूंची रबरी कडी नवी घातली, नवी बसवली. पहिल्यांदा उलटी बसवली. हँडल आत गेलं! परत काढली.

चोवीस तास हात लावायचा नव्हता आणि उद्या तीन दिवस संपत होते. ताई सरळ उठून कॉलनीच्या कमिटीतल्या बाईंकडे गेली, काळ्या झालेल्या हातांनी, आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याची गाडी दुरुस्त करतेय, दोन दिवस जास्त लागतील. तीस वर्षांत कुणाकडे काही मागायला न गेलेली बाई ती! मिळाले दोन दिवस.

गुरुवारी चाचणी. आधी पन्नास लिटर पाणी सोडलं, पुन्हा केशरी रंग घालून. ठिगळाभोवती, झडपेभोवती पांढरे टिपकागद बांधले. दोन तासांनी कोरडे. मग टाकी काठोकाठ भरली. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो वजन, रिकाम्या टाकीला जे कळत नाही ते या वजनाखाली कळतं. रात्रभर तशीच ठेवली. पहाटे मला जाग आली तर ताई अंथरुणात नव्हती. खिडकीतून पाहिलं. नाइटीवर स्वेटर घालून ती गाडीखाली, फक्त पाय बाहेर. जरा वेळाने ती कागद हातात घेऊन आत आली आणि तो तिने माझ्या नव्हे, भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून उजेडात पाहिला. पांढरा शुभ्र होता.

एकूण खर्च नव्वद डॉलरच्या आत. त्यात दोन वाया गेलेले सलवार-कमीज धरलेले नाहीत.

पन्हळी पत्रा पुन्हा ठोकताना ताईने त्याला एक छोटं झाकण ठेवलं, वेळोवेळी उघडून बघता येईल असं. बेसिनमध्ये ताटं टाकण्याआधी आता ती कागदाने पुसते. आपल्या फोडणीचं तेल टाकीच्या भिंतीला बसतं आणि मग ते दिवे खोटं सांगतात, हे तिला वहीतून कळलं. काळ्या टाकीच्या बाबतीत मात्र तिने बजावून ठेवलंय, ‘ती गळली तर मी माणूस बोलावणार. तेवढं समाजकार्य आपल्याकडून होणार नाही!’

गाडी विकण्याचा विषय मी असेपर्यंत तरी पुन्हा निघाला नाही. ऑगस्टमध्ये भाच्याबरोबर ते पुन्हा लडिंग्टनला जाऊन आले, तेवढं कळलं.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री साडेदहाला फोन वाजला. तिकडे दुपार होती. व्हिडिओवर आधी नुसताच एक नळ दिसला. ताईचा आवाज आला, ‘बघ हं, बघ आता.’ नळ फुरफुरला, पाणी आलं, मग फेस, मग एकदम गुलाबी धार. मागून भाऊजी काहीतरी म्हणत होते. ‘हो, हो, न्हाणीत पण ओतते,’ ताई त्यांना म्हणाली, आणि मला, ‘तू ठेव आता फोन. मला खाली जाऊन झडप बघायचीय.’